हवेतले पाणी टिपणारी जाळी
रसायनशास्त्रातील एक नवा शोध आणि आपले रोजचे जीवन

रसायनशास्त्र म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शाळेतला फळा, त्यावरची न सुटणारी समीकरणे आणि परीक्षेची धास्ती उभी राहते. बोलण्यातसुद्धा 'केमिकल' हा शब्द आपण विषासारखा वापरतो. 'भाजीला केमिकल मारले', 'दुधात केमिकल आहे' असे म्हणताना आपण हे विसरतो की भाजी, दूध, पाणी आणि ते पिणारा माणूस हे सगळे रसायनांचेच बनलेले आहेत. चूल पेटणे, दही लागणे, लोखंड गंजणे, पाव फुगणे, साबणाने मळ निघणे ही सारी रसायनशास्त्राचीच कामे. तेव्हा या विषयाला दूर ठेवून चालणार नाही. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने अलीकडच्या एका मोठ्या शोधाची ओळख संस्थेच्या सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना करून द्यावी, असे आम्ही योजले आहे.

8 ऑक्टोबर 2025 रोजी त्या वर्षाचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. जपानच्या क्योटो विद्यापीठाचे सुसुमु कितागावा, ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्न विद्यापीठाचे रिचर्ड रॉब्सन आणि अमेरिकेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे (बर्कली) ओमर याघी या तिघांना ते समान वाटून देण्यात आले. त्यांनी विकसित केलेल्या पदार्थांना 'मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क' म्हणतात, आणि थोडक्यात 'मॉफ'. मराठीत आपण त्यांना 'धातू-सेंद्रिय जाळी' म्हणू. नाव अवघड असले तरी कल्पना अवघड नाही.

जाळी म्हणजे काय?

इमारतीचे काम चालू असताना बांधलेली बांबूंची परांची आपण सर्वांनी पाहिली आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी त्या परांचीवर चढून काम केले आहे. उभे-आडवे बांबू आणि जिथे ते एकमेकांना मिळतात तिथे दोरीची गाठ, एवढ्यावर ती उभी असते. बांबू थोडे असतात आणि मधली मोकळी जागाच जास्त असते. तरी ती माणसांचा भार पेलते.

मॉफ ही अशीच परांची, पण रेणूंच्या आकाराची. तिच्यात गाठीच्या जागी धातूचे आयन असतात. तांबे, जस्त, कोबाल्ट, झिर्कोनियम, ॲल्युमिनियम असे. बांबूच्या जागी कार्बनयुक्त, म्हणजे सेंद्रिय रेणू असतात. दोन्ही योग्य प्रमाणात द्रावणात मिसळले आणि परिस्थिती अनुकूल ठेवली, की ते आपोआप एकमेकांना जोडले जातात आणि नियमित स्फटिक तयार होतो. डोळ्यांना ती साधी पूड दिसते. पण तिच्या प्रत्येक कणाच्या आत सारख्या मापाच्या असंख्य खोल्या असतात. बांबू लांब घेतला तर खोली मोठी, आखूड घेतला तर लहान. खोलीच्या भिंतींना कोणता रेणू चिकटावा आणि कोणता चिकटू नये, हेही बऱ्याच अंशी ठरवता येते. या शोधाचे महत्त्व यातच आहे. निसर्गात सापडेल ते सच्छिद्र द्रव्य वापरण्याऐवजी हवे तसे द्रव्य आधी योजून मग बांधता येऊ लागले.

या खोल्यांच्या भिंतींचे एकूण क्षेत्रफळ किती भरावे? याघी यांच्या गटाने 1999 साली 'मॉफ-5' नावाची जाळी प्रसिद्ध केली. तिच्या एका ग्रॅमच्या आतले क्षेत्रफळ सुमारे 2,900 चौरस मीटर निघाले. आपल्याकडच्या मापात सांगायचे तर सुमारे 28 गुंठे. चिमूटभर पुडीत पाऊण एकराच्या जवळपास जागा! एवढ्या जागेवर किती रेणू येऊन बसू शकतील याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.

तीन माणसे, तीन वाटा

या शोधाची सुरुवात एका वर्गखोलीसाठी केलेल्या साहित्यापासून झाली, हे शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखे आहे. 1974 साली रिचर्ड रॉब्सन यांच्याकडे विद्यार्थ्यांसाठी रेणूंच्या प्रतिकृती करण्याचे काम आले. लाकडी गोळे म्हणजे अणू आणि काड्या म्हणजे त्यांच्यातील बंध. गोळ्यांना भोके कुठे पाडायची ते त्यांना सुताराला आखून द्यायचे होते. प्रतिकृती जोडताना त्यांच्या लक्षात आले की भोकांच्या जागा बरोबर असल्या की रेणूचा आकार आपोआप बरोबर येतो. मग खऱ्या अणूंच्या याच गुणाचा उपयोग करून नवी रचना का बांधू नये? हा विचार त्यांच्या मनात दहा वर्षांहून अधिक काळ राहिला. हिऱ्यात कार्बनचा प्रत्येक अणू चार दिशांना चार अणूंशी जोडलेला असतो. त्याच धर्तीवर त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचे सेंद्रिय रेणू घेऊन एक रचना केली आणि 1989 साली ती प्रसिद्ध केली. ती हिऱ्यासारखी होती, पण आतून पोकळ. मात्र या सुरुवातीच्या रचना नाजूक होत्या, लवकर ढासळत.

सुसुमु कितागावा यांनी निराळी चिकाटी दाखवली. जे आज निरुपयोगी दिसते तेही उपयोगी ठरू शकते, हा प्राचीन चिनी विचारवंत च्वांग-त्झू यांचा विचार त्यांनी मनाशी धरला होता. 1992 साली त्यांनी केलेली पहिली रचना खरोखरच फारशा उपयोगाची नव्हती. 'याचा उपयोग काय?' असे विचारून अनुदान देणाऱ्यांनी त्यांना नकारही दिले. पण 1997 साली त्यांच्या गटाने अशी जाळी केली की जिच्यातून मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन हे वायू आत जाऊ शकत आणि बाहेरही येऊ शकत, तरी जाळीचा आकार मोडत नसे. पुढे लवचीक जाळ्यांची कल्पनाही त्यांनी मांडली. आत काही शिरले की आकार थोडा बदलावा आणि ते निघून गेले की जाळी पूर्ववत व्हावी, अशी ती कल्पना.

तिसरे ओमर याघी. त्यांचा जन्म 1965 साली जॉर्डनची राजधानी अम्मान येथे एका पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात झाला. दहा-बारा माणसे एका खोलीत राहत आणि त्याच खोलीत घरची गुरेही असत. वडील सहावीपर्यंत शिकलेले, आईला लिहिता-वाचता येत नव्हते. नळाला पाणी आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा, तेही काही तासच येई. तेवढ्यात घरातले प्रत्येक भांडे भरून घ्यावे लागे. दहा वर्षांचे असताना एकदा ते शाळेच्या ग्रंथालयात शिरले. ते ग्रंथालय एरवी कुलूपबंद असे. तिथे हाती आलेल्या एका पुस्तकात रेणूंची चित्रे होती. अर्थ कळला नाही, पण ती चित्रे मनात बसली. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्यांना अमेरिकेला शिकायला पाठवले. दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरणे, फरशी पुसणे अशी कामे करीत ते शिकले. 1995 साली त्यांनीच 'मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क' हे नाव रूढ केले आणि 1999 सालच्या 'मॉफ-5'ने या शास्त्राला बळकट पाया मिळाला. ती जाळी 300 अंश सेल्सियस तापमानालाही टिकत होती. पुढे याच माणसाने हवेतून पाणी काढण्याचा ध्यास घेतला. ज्याने भांडी घेऊन नळाची वाट पाहिली, त्यालाच पाण्याची खरी किंमत कळते. हे आपल्या समाजाला कोणी वेगळे सांगायला नको. सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला होता, याचा विसर आपल्याला कधीच पडणार नाही.

हवेतून पाणी कसे मिळते?

थंड पाणी भरलेल्या पेल्याला बाहेरून थेंब धरतात. ते पेल्यातून झिरपलेले नसतात, हवेतल्या वाफेचे असतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते तेही हवेतलेच. 30 अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावते. आर्द्रता 50 टक्के असेल तर दहा बाय दहाच्या आणि दहा फूट उंच खोलीतल्या हवेत चारशे ग्रॅमहून जास्त, म्हणजे दोन पेले पाणी तरंगत असते. वाळवंटातल्यासारखी 20 टक्के आर्द्रता असली तरी पाऊण-एक पेला असतेच.

पण कोरड्या हवेतले हे पाणी गोळा कसे करायचे? हवा खूप थंड करून दव पाडायचे म्हटले तर वीज फार लागते. औषधाच्या बाटलीत किंवा नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी असते, तीही ओलावा शोषते. मात्र शोषलेले पाणी ती सहज सोडत नाही, त्यासाठी तिला चांगले तापवावे लागते. इथे मॉफची करामत दिसते. पाण्याचा रेणू कोरड्या हवेतूनही खेचून घ्यावा एवढी ओढ तिच्या खोल्यांत असते, पण थोड्या उष्णतेने तो सुटून यावा इतकी ती ओढ सैलही असते.

2018 साली अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात याघी यांच्या गटाने घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्र अगदी साधे होते. एका पेटीत दुसरी पेटी, आतल्या पेटीत मॉफची पूड पसरलेली आणि बाहेरच्या पेटीला पारदर्शक झाकण. रात्री झाकण उघडे ठेवले की पूड हवेतला ओलावा पिऊन घेई. सकाळी झाकण लावले की उन्हाने पूड तापे, वाफ बाहेर येई आणि बाहेरच्या पेटीच्या थंड भिंतींवर तिचे पाणी होई. ना वीज, ना पंप. झिर्कोनियमच्या 'मॉफ-801' या जाळीच्या एका किलोपासून दिवसाला सुमारे 200 मिलिलिटर पाणी मिळू शकते, असे त्यांनी सांगितले. पुढे ॲल्युमिनियमची 'मॉफ-303' ही स्वस्त जाळी वापरून आणि दिवसातून अनेकदा ओलावा घेण्या-सोडण्याचे चक्र चालवून 2019 साली मोहावी वाळवंटात किलोमागे दिवसाला सुमारे 700 मिलिलिटर पाणी काढले गेले. या दुसऱ्या यंत्राला मात्र वीज लागते, ती सौर पट्ट्यांतून घेता येते.

हिशेब मांडून पाहू

नव्या शोधाची बातमी वाचली की दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. कुणी म्हणते, 'आता पाण्याचा प्रश्न सुटला.' कुणी म्हणते, 'ही सारी श्रीमंत देशांची थेरं.' आपण दोन्हीकडे न झुकता हिशेब करावा.

पाच माणसांच्या घराला नुसते पिण्यासाठी दिवसाला 15 लिटर पाणी धरू. वीज न लागणाऱ्या यंत्रातून किलोमागे 200 मिलिलिटर मिळाले, तर त्या घराला 75 किलो मॉफ लागेल. चक्र चालवणाऱ्या यंत्रात 700 मिलिलिटर मिळाले, तर साधारण 22 किलो. एका घराच्या किंवा लहान पाड्याच्या पिण्याच्या पाण्यासाठी हे विचार करण्याजोगे आहे. आता दुसरे उदाहरण घेऊ. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा पहिल्या गाडीने सुमारे 5 लाख लिटर पाणी आणले. एवढे पाणी एका दिवसात हवेतून काढायचे तर किलोमागे 700 मिलिलिटरच्या हिशेबानेही सात लाख किलोंहून जास्त मॉफ लागेल. म्हणजे शेतीचे, गुरांचे, धुण्याभांड्यांचे पाणी या मार्गाने येणार नाही. विहीर, बंधारा, पाणलोटाचे काम आणि असलेल्या पाण्याचे न्याय्य वाटप यांना पर्याय नाही. शास्त्र पाणी मिळवून देऊ शकते. ते कोणाच्या हंड्यात पडावे हा मात्र समाजाने सोडवायचा प्रश्न आहे.

यात चमत्कार काही नाही, हेही ध्यानात ठेवावे. हवेत जेवढे पाणी आहे तेवढेच मिळते, थेंबभरही जास्त नाही. उद्या कुणी 'हवेतून हवे तेवढे पाणी काढणारे यंत्र' विकायला आला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या तापमानाला आणि किती आर्द्रतेला? दिवसाला किती लिटर? विजेचे किती युनिट लागतात? उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणखी उपयोग

पाणी हा एक उपयोग झाला. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा करण्यासाठी 'काल्फ-20' ही जस्ताची जाळी कॅनडात विकसित झाली आणि तिथल्या एका सिमेंट कारखान्यात तिची चाचणी घेण्यात आली. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांत आर्सिन, फॉस्फिन असे अतिविषारी वायू लागतात. ते मॉफ भरलेल्या सिलिंडरमध्ये कमी दाबाखाली साठवता येतात, त्यामुळे सिलिंडर गळला तरी वायू एकदम बाहेर उसळत नाही. न चिकटणाऱ्या तव्यांच्या उद्योगातून आणि इतरत्र पाण्यात मिसळणारी, वर्षानुवर्षे न विघटणारी फ्लोरीनयुक्त रसायने काढून टाकण्यासाठीही अशा जाळ्यांचा अभ्यास चालू आहे. आपल्या पुण्यातील 'आयसर' या संस्थेतही पाण्यातील प्रदूषके टिपणाऱ्या जाळ्यांवर संशोधन होते. अडचणीही आहेतच. ज्या 'मॉफ-5'ने इतिहास घडवला, तीच दमट हवेत मोडते. सगळ्याच जाळ्या स्वस्तात आणि टनांनी बनवता येत नाहीत.

एक वायू, जो आपल्याला माहीत असलाच पाहिजे

विषारी वायूंचा विषय निघाला आहे, तर आपल्या वस्त्यांच्या जिवावर बेतणाऱ्या एका वायूबद्दल लिहिल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही. तो म्हणजे गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये साठणारा हायड्रोजन सल्फाइड. ऑक्सिजन नसलेल्या जागी जिवाणू घाण कुजवतात तेव्हा तो तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे शंभर भाग झाले, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास येईनासा झाला याचा अर्थ धोका टळला असा नसून, धोका वाढला असाही असू शकतो. प्रमाण आणखी वाढले तर एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसरा आणि तिसराही तसाच जातो. तोंडाला ओला रुमाल बांधून काही उपयोग होत नाही. कोळशाच्या किंवा उद्या मॉफच्या गाळणीचा मुखवटा घातला, तरी तो वायू अडवील, पण खाली नसलेला ऑक्सिजन कोठून आणील?

2013 सालच्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. अशा मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली 10 लाख रुपये भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख रुपये केली. ही माहिती प्रत्येक घरात असली पाहिजे. पण भरपाईपेक्षा माणूस न उतरणे महत्त्वाचे. जगात रेणू वेचून बाजूला काढण्याइतके शास्त्र पुढे गेले असताना गटार साफ करायला यंत्र नाही, हे कारण आता कोणी पुढे करू नये आणि आपण ते ऐकून घेऊ नये.

विद्यार्थ्यांसाठी

शेवटी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली ही की प्रयोगशाळा नाही म्हणून अडून बसू नका. चिकणमातीचे गोळे आणि खराट्याच्या काड्या घेऊन हिऱ्याची रचना घरी बनवा. प्रत्येक गोळ्याला चार काड्या, चारही एकमेकींपासून सारख्या अंतरावर. पंधरा-वीस गोळे जोडले की मधल्या पोकळ्या दिसू लागतील आणि रॉब्सन यांना काय दिसले ते तुम्हालाही उमगेल. एका कोरड्या वाटीत ठरावीक वजनाचे मीठ उघडे ठेवा, रोज एका वेळी किराणा दुकानाच्या काट्यावर तोला आणि आकडे वहीत लिहा. उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे आकडे शेजारी मांडले की हवेतले पाणी तुमच्या वहीत उतरलेले दिसेल. पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे यातूनच शास्त्र सुरू होते.

दुसरी गोष्ट सभासदांसाठीही आहे. याघींच्या शाळेचे ग्रंथालय कुलूपबंद असे. एके दिवशी एक मुलगा त्यात शिरू शकला, म्हणून जगाला एक शास्त्रज्ञ मिळाला. आपल्या समाजमंदिरांत, विहारांत, वाचनालयांत पुस्तकांची कपाटे आहेत. त्यांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, ती आठवड्यातून किती वेळ उघडतात आणि त्यांत विज्ञानाची किती पुस्तके आहेत, याची चौकशी प्रत्येक शाखेने या वर्षात करावी. रोज संध्याकाळी दोन तास कपाट उघडे ठेवायला मोठा निधी लागत नाही. एक जबाबदार माणूस आणि एक दिवा पुरतो. एवढे केले तरी कोणत्या मुलीच्या वा मुलाच्या मनात कोणते चित्र जाऊन बसेल आणि त्यातून पुढे काय उभे राहील, ते आज कोणालाच सांगता येणार नाही.